उन्हाळी सुटीतील संशोधन-प्रशिक्षण : मेंदूविज्ञान आणि सुरतचे मराठी विद्यार्थी

महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपल्या, की सुरत शहरातील उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून सुटीचा विचार बहुधा दोन प्रकारे केला जातो. पहिला विचार गावी जाण्याचा. ताप्तीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगाव ही स्थानके काही तासांच्या अंतरावर असल्याने खानदेशातील मूळ गावाशी या कुटुंबांचा संबंध तुटलेला नाही. दुसरा विचार कमाईचा. यंत्रमागाच्या कारखान्यात, कापडबाजारात किंवा घरबसल्या साड्यांना लेस व खडे लावण्याच्या कामात महाविद्यालयीन मुलामुलींचा दोन महिने चांगला हातभार लागतो. हे दोन्ही विचार स्वाभाविक आहेत. परंतु सुटीचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याची माहिती ज्यांना असावयास हवी, त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत ती वेळेवर पोहोचत नाही. हा उपयोग म्हणजे देशातील मान्यवर संशोधन संस्थांतून पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना मिळणारे उन्हाळी संशोधन-प्रशिक्षण.

असे प्रशिक्षण विज्ञानाच्या अनेक शाखांत मिळते. प्रस्तुत लेखात त्यांपैकी मेंदूविज्ञान, म्हणजेच ज्यास न्यूरोसायन्स असे म्हणतात, त्या शाखेचा विचार केला आहे. या प्रशिक्षणात नेमके काय घडते, त्याचा लाभ कोणास होऊ शकतो आणि लाभ व्हावा म्हणून शिक्षक, पालक व अधिकारी यांनी कोणत्या गोष्टी केव्हा करावयास हव्यात, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

मेंदूविज्ञान म्हणजे काय?

माणसाच्या मेंदूचे वजन सरासरी तेराशे ते चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. मात्र शरीर स्वस्थ असताना जी ऊर्जा खर्च होते, तिच्यापैकी जवळजवळ वीस टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. प्रत्येक मज्जापेशी इतर अनेक पेशींशी जोडलेली असून विजेच्या सूक्ष्म स्पंदनांच्या आणि रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने त्या एकमेकींना निरोप पोहोचवितात. पाहणे, ऐकणे, चालणे, आठवणे, भिणे, झोपणे ही सर्व कार्ये या देवघेवीतून घडतात.

हा निरोप तत्काळ पोहोचतो असा पूर्वी समज होता. इ. स. १८५० मध्ये हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूतून जाणाऱ्या निरोपाचा वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. माणसाच्या हातापायांतील जलद मज्जातंतूंमधून निरोप सेकंदाला सुमारे ५० ते ६० मीटर वेगाने जातो. म्हणजे पायाला काटा बोचला आणि तो आपल्याला कळला, या दोहोंच्या दरम्यान अल्प का होईना, पण मोजता येईल एवढा काळ जातो. ज्या गोष्टीचे मोजमाप करता येत नाही असे वाटत होते, ती मोजता येऊ लागली, येथूनच या शास्त्राचा खरा आरंभ झाला.

आज या शास्त्रात एकट्या जीवशास्त्राच्या अभ्यासकाने भागत नाही. विजेची स्पंदने टिपणारी उपकरणे तयार करण्यासाठी अभियंता लागतो, त्यांचा अर्थ लावण्यासाठी गणिती व संगणकतज्ज्ञ लागतो, औषधांची क्रिया समजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ लागतो, रुग्णाकडे पाहण्यासाठी वैद्य लागतो आणि वर्तनाचा अर्थ समजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ लागतो. सुरत येथे १९६१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेली आणि आज सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे, १९६४ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९६७ साली स्थापन झालेल्या व आता वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ असे नाव असलेल्या विद्यापीठाशी संलग्न विज्ञान महाविद्यालयेही आहेत. या सर्व ठिकाणच्या विद्यार्थ्यांना मेंदूविज्ञानाचे दार उघडे आहे. हे शास्त्र केवळ डॉक्टर होणाऱ्यांसाठी आहे, हा गैरसमज प्रथम दूर झाला पाहिजे.

एका उन्हाळ्यातील प्रयोग

पदवीचा विद्यार्थी दोन महिन्यांत असे काय संशोधन करणार, असा प्रश्न पालक व कधीकधी शिक्षकही विचारतात. या प्रश्नाला मेंदूविज्ञानाच्या इतिहासातील एका प्रसिद्ध प्रसंगाने उत्तर मिळते.

१९३९ च्या उन्हाळ्यात केंब्रिज विद्यापीठातील ॲलन हॉजकिन या तरुण शास्त्रज्ञाने अँड्र्यू हक्स्ली याला इंग्लंडच्या किनाऱ्यावरील प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत साहाय्यासाठी बोलाविले. हक्स्लीचे वय तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि त्याने नुकताच आपला पदवी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला माकूल म्हणतात, त्या सागरी प्राण्याच्या शरीरात अत्यंत जाड मज्जातंतू असतात. त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे त्यांच्या आत उपकरण घालणे शक्य होते.

हक्स्लीला प्रथम सोपविलेले काम अगदी साधे होते. मज्जातंतूच्या आतील द्रव किती दाट आहे हे पाहण्यासाठी तंतू उभा टांगून त्यात पाऱ्याचा थेंब सोडावयाचा व तो किती वेगाने खाली उतरतो हे मोजावयाचे. परंतु थेंब उतरलाच नाही. तंतूच्या आत पातळ द्रव नसून घट्ट खळीसारखा पदार्थ आहे, असे त्यावरून दिसून आले. ठरविलेला प्रयोग अशा रीतीने फसला. पण टांगलेल्या तंतूमध्ये वरून काचेची बारीक नळी सरळ आत सरकविता येईल, ही कल्पना त्यातूनच निघाली. त्या नळीच्या साहाय्याने दोघांनी तंतूच्या आतील विद्युत् दाब प्रत्यक्ष मोजला. निरोप जाताना हा दाब शून्यापर्यंत येऊन थांबेल, अशी त्या काळची समजूत होती. प्रत्यक्षात तो शून्य ओलांडून उलट दिशेला गेला.

काही आठवड्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. युद्धानंतर ते पुन्हा हाती घेण्यात आले. १९५२ साली मज्जातंतूतील निरोपाची संपूर्ण उपपत्ती प्रसिद्ध झाली व १९६३ साली हॉजकिन आणि हक्स्ली यांना जॉन एक्लिस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला असा उन्हाळा येत नाही, हे उघड आहे. तथापि या प्रसंगातील दोन गोष्टी प्रत्येकाला लागू पडतात. नवशिक्याकडे काम सोपवावे लागते, तेव्हाच तो तयार होतो. आणि अपेक्षित उत्तर आले नाही, तर ते लपवावयाचे नसून त्याचे कारण शोधावयाचे असते.

मुंबईतील प्रयोगशाळा व चिलटे

आपल्या देशातही या शास्त्राची परंपरा आहे आणि तिचे एक महत्त्वाचे केंद्र सुरतेपासून लोहमार्गाने सुमारे २६३ किलोमीटर अंतरावरील मुंबई येथे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या प्रोत्साहनाने १९६२ साली डॉ. ओबैद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे १९७० नंतरच्या काळात अमेरिकेतील सीमूर बेंझर यांच्या सहवासात काम करताना ते ड्रॉसोफिला या लहान माशीकडे वळले.

फळमाशी म्हटले की शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे आंबा किंवा वेलभाज्या नासविणारी कीड येते. ती माशी निराळी. ड्रॉसोफिला म्हणजे अतिपक्व केळ्यांवर घोंगावणारे, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे चिलट होय. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट व आगर यांच्या मिश्रणावर बाटलीत त्याची वाढ करता येते. २५ अंश सेल्सियस तापमानात अंड्यापासून सुमारे दहा दिवसांत नवी माशी तयार होते. म्हणून दोन महिन्यांच्या सुटीत तिच्या अनेक पिढ्या पाहता येतात. खर्च अल्प, जागा अल्प आणि प्रश्न मात्र मोठे, अशी या प्राण्याची सोय आहे. तापमान वाढताच ज्यांना पक्षाघात होतो व ते उतरताच ज्या पुन्हा चालू लागतात, अशा माश्यांचा सिद्दिकी व बेंझर यांनी अभ्यास केला. मज्जातंतूतून निरोप वाहून नेण्याच्या क्रियेवर कोणती जनुके नियंत्रण ठेवतात, याचा शोध घेण्याची वाट या माश्यांमुळे मोकळी झाली.

त्यानंतर मुंबईत चव व गंध यांच्या ज्ञानाचा अभ्यास सुरू झाला. त्यात डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा मोठा वाटा आहे. गोव्यातील मूळ असलेल्या कुटुंबात १९५३ साली केनियात त्यांचा जन्म झाला. डब्लिन येथे पदवी घेतल्यावर सिद्दिकी यांच्या कार्याकडे आकृष्ट होऊन त्या मुंबईस आल्या आणि येथेच त्यांनी डॉक्टरेट मिळविली. २०१० साली त्यांचे निधन झाले. पदवीच्या वयात एखाद्या संशोधकाचे कार्य वाचून त्याच्या प्रयोगशाळेची वाट धरण्याचे हे उदाहरण आजच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत १९७१ साली आणखी एक शोध लागला. रोनाल्ड कोनोप्का या विद्यार्थ्याला तीन प्रकारच्या विलक्षण माश्या आढळल्या. एका प्रकारच्या माश्यांचा दिवस सुमारे १९ तासांचा होता, दुसऱ्या प्रकारच्या माश्यांचा २८ तासांचा, तर तिसऱ्या प्रकारच्या माश्यांना दिवस-रात्रीचा ठेकाच नव्हता. या तिन्हींचे मूळ एकाच जनुकात सापडले. शरीरात एक घड्याळ असते व ते वंशपरंपरेने येते, याचा हा ठोस पुरावा होता. हे घड्याळ चालते कसे, याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रातपाळीचा प्रश्न

चिलटाच्या घड्याळाचा सुरतच्या जीवनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. सुरतच्या अनेक यंत्रमाग कारखान्यांतून बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. रातपाळी करणाऱ्या कामगाराचे शरीर रात्री झोप मागत असते आणि हात मात्र मागावर असतात. पहाटे तीन-चारच्या सुमारास माणसाची सावधानता बरीच उतरते; आणि हलत्या यंत्रापुढे क्षणभराची गुंगीही बोट गमावण्यास पुरेशी ठरते. हा प्रश्न ज्या घरांना रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे, त्याच घरांतील मुलेमुली आज सुरतच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकत आहेत. प्रश्न त्यांच्या घरी आहे. तो शास्त्रीय पद्धतीने कसा मांडावा, हे शिकविण्याचे कार्य उन्हाळी प्रशिक्षण करते.

ही पद्धत समजण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनाही तो वर्गात करता येईल. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी शून्याचे टोक खाली करून उभी धरावी. दुसऱ्याने खालच्या टोकापाशी अंगठा व तर्जनी उघडी ठेवावी. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी व दुसऱ्याने ती पकडावी. पट्टी किती सेंटिमीटरवर पकडली गेली, यावरून हात हालण्यास लागलेला काळ काढता येतो. अंतर मीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट करावी, तिला ९.८ ने भागावे व वर्गमूळ काढावे. २० सेंटिमीटरवर पट्टी पकडली गेली, तर हा काळ सुमारे ०.२० सेकंद येतो. डोळ्यांनी पाहणे, मेंदूने निर्णय घेणे आणि बोटांनी हालचाल करणे, या सर्वांस मिळून एवढा वेळ लागतो.

खरा अभ्यास येथून पुढे सुरू होतो. एकाच वेळी आलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. निदान दहा वेळा मोजून सरासरी काढावी लागते. सरावाने हात आपोआप सुधारतो. म्हणून सर्वांची पहिली चाचणी रातपाळीनंतर व दुसरी विश्रांतीनंतर घेतली, तर दिसलेला फरक विश्रांतीचा की सरावाचा, हे ठरविता येत नाही. यासाठी निम्म्या व्यक्तींची चाचणी उलट क्रमाने घ्यावी लागते. वय, चहा, आजार, नजर यांचाही परिणाम होतो. त्यांची नोंद ठेवावी लागते. पाठ्यपुस्तकात ही सर्व कलमे एका परिच्छेदात वाचून विद्यार्थी पुढे जातो. प्रयोगशाळेत मात्र यांपैकी एक कलम विसरल्यामुळे तीन आठवड्यांचे काम वाया जाते. तेव्हा ते त्याला कायमचे समजते.

माणसांवर असा अभ्यास करावयाचा झाल्यास संस्थेच्या नीतिमूल्य समितीची पूर्वसंमती आवश्यक असते. सहभागी होणाऱ्या व्यक्तीस तिच्या भाषेत सर्व माहिती देऊन तिची स्वेच्छेने दिलेली संमती घ्यावी लागते. एखाद्या कामगाराचा आकडा मंद आला, म्हणून मालकाने त्याला कामावरून कमी केले, तर शास्त्राच्या नावाखाली अन्याय होईल. म्हणून नावे गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. येथे भाषेचे महत्त्व विशेष आहे. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करताना परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी उपयोगी पडली नाही. लिहिणे-वाचणे न येणाऱ्यांना साजेशी हिंदी चाचणी संशोधकांना नव्याने तयार करावी लागली व ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. कामगाराशी अहिराणीत बोलू शकणारा विद्यार्थी अशा कामात मागे नसून पुढे असतो, हे त्याला कोणीतरी सांगणे आवश्यक आहे.

आठ आठवड्यांचे कामकाज

उन्हाळी प्रशिक्षणाचा काळ बहुधा दोन महिन्यांचा असतो. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला प्रयोगशाळेची सुरक्षितता, उपकरणे आणि नोंदवहीची शिस्त समजावून दिली जाते. दररोज काय केले, किती वाजता केले व काय दिसले, हे शाईने लिहावयाचे आणि चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता एका रेघेने कापून तारीख टाकावयाची, असा दंडक अनेक प्रयोगशाळांत पाळला जातो. त्यानंतर मार्गदर्शक एक लहान, पण पूर्ण होण्याजोगा प्रश्न देतो. माश्यांच्या दोन जातींपैकी कोणती गोड पदार्थाकडे अधिक वळते, संगणकावर मांडलेल्या मज्जापेशींच्या जाळ्यात एक दुवा बदलल्यास स्पंदनांत काय फरक पडतो, सूक्ष्मदर्शकाखालील चित्रांत किती पेशींना रंग चढला आहे, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. काम पुष्कळदा कंटाळवाणे असते. शेकडो माश्या मोजाव्या लागतात. उंदीर किंवा तत्सम प्राण्यांवरील प्रयोगांना प्राणी-नीतिमूल्य समितीची मान्यता लागत असल्याने ते काम नवशिक्याकडे सहसा एकट्याने दिले जात नाही.

दर आठवड्यास प्रयोगशाळेची बैठक होते व तीत सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्यालाही प्रश्न विचारण्याची मुभा असते. शेवटी अहवाल लिहून सर्वांसमोर तो मांडावा लागतो. हे प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे आणि त्यामुळे पुढील प्रवेशाची हमीही मिळत नाही. मात्र संशोधन हा आपला मार्ग आहे की नाही, याचा निर्णय विद्यार्थ्याला स्वानुभवाने घेता येतो आणि त्याचे काम प्रत्यक्ष पाहिलेला एक मार्गदर्शक त्याला लाभतो.

उपलब्ध मार्ग

सर्वांत व्यापक योजना देशातील तीन विज्ञान अकादमींची आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान अकादमी (स्थापना १९३४), दिल्ली येथील भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी (१९३५) आणि प्रयागराज येथील राष्ट्रीय विज्ञान अकादमी (१९३०) या तिघी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला अकादमींशी संबंधित शास्त्रज्ञाच्या हाताखाली सुमारे दोन महिने काम करता येते व त्या काळात विद्यावेतन मिळते. महाविद्यालयीन शिक्षकांनाही या योजनेत अर्ज करता येतो, ही गोष्ट अनेक शिक्षकांना माहीत नसते. ज्या शिक्षकाने स्वतः एक उन्हाळा प्रयोगशाळेत घालविला आहे, त्याच्या वर्गातील विद्यार्थी या वाटेने अधिक सहज जातील, हे सांगावयास नको.

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. तीत विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा प्रकल्प करावयाचा असतो. शहर सोडावे लागत नसल्याने सुरतच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः ज्या मुलींना घरून बाहेरगावी राहण्याची परवानगी मिळत नाही त्यांना, ही योजना सोयीची आहे. फेफरे, पक्षाघात, झोपेचे विकार, मधुमेहामुळे हातापायांना येणारी बधिरता असे अनेक विषय रुग्णालयात डोळ्यांसमोर असतात. अहवाल मान्य झाल्यावर विद्यावेतन व प्रमाणपत्र मिळते.

यांखेरीज मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था, तिचेच बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, पुणे येथे २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था या ठिकाणी मेंदूविज्ञानाचे कार्य चालते. पुण्याच्या संस्थेत गंधज्ञान, पक्ष्यांचे गाणे, मज्जापेशींची वाढ व संगणकीय मेंदूविज्ञान अशा विषयांवरील प्रयोगशाळा आहेत. प्रत्येक संस्थेचे नियम, पात्रता व मुदत निराळी असते व ती दरवर्षी बदलू शकते. म्हणून त्या त्या वर्षीची अधिकृत जाहिरात पाहूनच अर्ज करावा. केवळ शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या खाजगी वर्गांपासून सावध राहणे इष्ट. प्रमाणपत्रावरील शिक्क्यापेक्षा कोणत्या मार्गदर्शकाकडे कोणते काम केले, यालाच पुढे महत्त्व दिले जाते.

अडचण कोठे येते?

सुरतच्या मराठी वस्तीतील विद्यार्थी या वाटेवर अल्प दिसतात, याचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हे. पहिली अडचण वेळापत्रकाची आहे. उन्हाळी कामाचे अर्ज अनेक संस्था आदल्या हिवाळ्यातच मागवितात. परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्यास, मुदत संपली, एवढेच उत्तर मिळते. ज्यांच्या घरी आधीची पिढी महाविद्यालयात गेली आहे, त्यांना हे ठाऊक असते. ज्या घरातील मुलगी प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढली आहे, तिला ते सांगणारे घरात कोणी नसते.

दुसरी अडचण शिफारसपत्राची. अर्जासोबत शिक्षकाचे मत मागितले जाते. मोठ्या वर्गात शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखत नसेल, तर पत्र औपचारिक होते व त्याचा उपयोग होत नाही. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला, प्रात्यक्षिकात कशी चिकाटी दाखविली, हे दोन वाक्यांत लिहिलेले पत्र कोऱ्या स्तुतीपेक्षा अधिक बोलके असते.

तिसरी अडचण टिपणाची. आपणास काय करावेसे वाटते, हे विद्यार्थ्याने थोडक्यात इंग्रजीत लिहावयाचे असते. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकून पुढे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला येथे धास्ती वाटते व मग तो कोठून तरी भारदस्त मजकूर उतरवून काढतो. असा मजकूर परीक्षकांच्या ताबडतोब लक्षात येतो. रातपाळीवरून आलेले वडील दिवसा का झोपू शकत नाहीत, हा प्रश्न साध्या इंग्रजीत नीट मांडलेला असेल, तर तो उसन्या पांडित्यापेक्षा सरस ठरतो. प्रथम मराठीत लिहून, शिक्षकाशी चर्चा करून नंतर इंग्रजी करावे.

चौथी अडचण पैशांची, व ती खरी आहे. दोन महिन्यांची कमाई सोडणे प्रत्येक घराला परवडत नाही. विद्यावेतनाने काही भरपाई होते. परंतु ते पुष्कळदा उशिरा हाती पडते आणि प्रवास, निवास व जेवण यांचा खर्च आधी करावा लागतो. या ठिकाणी समाजातील मंडळे, माजी विद्यार्थी व सहकारी पतसंस्था यांना थोडक्या रकमेत मोठे साहाय्य करता येईल. ही रक्कम देणगीऐवजी बिनव्याजी उसनवार म्हणून दिली, तरी काम भागते.

काय करावे?

महाविद्यालयांनी पावसाळा संपताच, दिवाळीच्या सुटीपूर्वी, विज्ञानाच्या सर्व वर्गांत या योजनांची माहिती वाचून दाखवावी आणि ती सूचनाफलकावर मराठी, गुजराती व हिंदी भाषांतही लावावी. एका अध्यापकाकडे ही जबाबदारी नावानिशी सोपवावी. गुणपत्रिका, ओळखपत्र व महाविद्यालयाचे अनुमतिपत्र ही कागदपत्रे विद्यार्थ्याने दिवाळीपूर्वीच तयार ठेवावीत. मागील वर्षी प्रशिक्षण घेऊन आलेला विद्यार्थी असल्यास त्याला वर्गापुढे बोलावयास लावावे.

खानदेशातील शाळांचे शिक्षक व ग्रामपंचायतीचे पदाधिकारी यांचाही यात वाटा आहे. गावातील कोणाची मुले सुरतेस विज्ञान शिकतात, हे गावाला ठाऊक असते. सुटीत किंवा सणाला ती गावी आली, की त्यांच्याशी हा विषय काढावा. माध्यमिक शाळांनी वर सांगितलेला पट्टीचा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात ठेवावा. त्यास एका पट्टीखेरीज खर्च नाही. पालकांनी संस्थेचे नाव, वसतिगृहाची व्यवस्था व मार्गदर्शकाची माहिती अवश्य विचारावी. समाधान झाल्यास मुलीलाही मुलाइतक्याच विश्वासाने पाठवावे.

सुरतच्या कारखान्यांतील रातपाळी, तेथील गोंगाट व उष्मा यांचा माणसाच्या मेंदूवर होणारा परिणाम हा अभ्यासाचा विषय आहे. तो अभ्यास बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी केला, तरी उपयोगी पडेलच. परंतु ज्या मुलाने वडिलांना पहाटे कामावरून परतताना पाहिले आहे, त्याने तो केला, तर विचारावयाचे प्रश्न अधिक नेमके असतील आणि मिळालेली उत्तरे वस्तीत परत पोहोचतील. त्यासाठी लागणारा पहिला अर्ज येत्या दिवाळीच्या आसपास भरावयाचा आहे, एवढे ज्या शिक्षकाने वर्गात वेळेवर सांगितले, त्याने आपले काम केले असे म्हणता येईल.